सिंदखेडचे लखुजी जाधवराव आणि जाधव-भोसले वैर

गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अमेरिकेहून एक पुस्तक मजकडे धाडिलें. पश्चिम व्हर्जिनिया आणि केंटकी या दोन संस्थानांच्या सीमेवर टग नांवाची नदी वाहते. तिच्या दोहों तीरांवरील डोंगराळ मुलखांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हॅटफील्ड व मॅकॉय या दोन घराण्यांमध्यें जें वैर माजलें, त्याची हकीकत त्यांत दिली आहे. एका बाजूचा कर्ता पुरुष विल्यम अँडरसन हॅटफील्ड (१८३९–१९२१). लोक त्यास ‘सैतान ॲन्स’ म्हणत. दुसऱ्या बाजूचा रँडॉल्फ मॅकॉय. इ. स. १८७८ मध्यें एक डुक्कर कोणाच्या मालकीचें यावरून फिर्याद झाली. १८८२ च्या ऑगस्टांत निवडणुकीच्या दिवशीं मॅकॉयच्या तीन मुलांनीं ॲन्सच्या भावास मारिलें. त्या तिघांस हॅटफील्डांनीं झुडपांस बांधून गोळ्या घातल्या. पुढें १८८८ च्या नववर्षदिनाच्या रात्रीं मॅकॉयचें घर जाळण्यांत आलें, आणि त्याचीं दोन अपत्यें त्यांत मारलीं गेलीं. मध्यंतरीं ॲन्सचा मुलगा व मॅकॉयची मुलगी यांचें प्रेमही जमलें होतें. तें तडीस गेलें नाहीं.

हें सर्व वाचीत असतां माझें चित्त वारंवार सिंदखेडाकडे जात होतें. डुकराच्या जागीं हत्ती घातला, प्रेमाच्या जागीं यथाविधि झालेला विवाह घातला, आणि काल अडीचशें वर्षें मागें नेला, कीं सिंदखेडकर जाधव व वेरुळकर भोसले यांचें वैर डोळ्यांपुढें उभें राहतें. त्या वैरांतील जाधवांकडील वडीलधारे पुरुष म्हणजे लखुजी जाधवराव. शिवछत्रपतींचे ते मातामह. परंतु नाटकांतून, कादंबऱ्यांतून व शाळेंतल्या गोष्टींतून त्यांची मूर्ति उभी राहते ती कोपिष्ट, मानी आणि जांवयाच्या पाठीस लागलेल्या सासऱ्याची. मीं स्वतः तीसहून अधिक वर्षें मुलांस तीच गोष्ट सांगितली. ती सांगण्यांत माझी चूक झाली असें आतां मला वाटतें. ती चूक कोठें झाली हें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

सिंदखेड राजा हें गांव सांप्रत बुलढाणा जिल्ह्यांत, अमरावती विभागांत मोडतें. अकोल्याहून पातूर, मालेगांव, मेहकर असा घाटावरचा रस्ता धरला म्हणजे वऱ्हाडच्या दक्षिण कडेस तें लागतें, आणि तेथून पुढें जालना जवळच. ही भूगोलाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण लखुजींच्या वर्तनाचें अर्धें मर्म तींत आहे. वऱ्हाडची इमादशाही १५७४ त निजामशहानें बुडविली. पुढें १५९६ त चांदबिबीनें केलेल्या तहान्वयें वऱ्हाड अकबर बादशहास गेलें. म्हणजे सिंदखेडचा परगणा ज्या सरहद्दीवर बसला होता, तिच्या उत्तरेस मोगल आणि दक्षिणेस दौलताबादचा दरबार. वतन एका राज्याच्या तोंडाशीं आणि चाकरी दुसऱ्या राज्याची, अशा पेचांत त्या काळचा सरहद्दीवरील प्रत्येक देशमुख सांपडला होता. लखुजींसारखा थोर मनसबदार त्यास अपवाद नव्हता.

सिंदखेडची देशमुखी जाधवांकडे आली तीही वैरांतूनच, असें तेथील परंपरा सांगते. त्यापूर्वीं देशमुखी मुळे घराण्याकडे होती. रविराव ढोले यानें मुळ्यांचा संहार केला. यमुनाबाई नांवाची एक स्त्री तेवढी वांचली. तिनें लखुजींस साह्यास बोलाविलें. आणि ढोल्याचा नाश करून लखुजींनीं देशमुखी मिळविली, अशी ती कथा. परंपरेस दस्तऐवजाचें वजन देतां येत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस मीं सांगावयास नको. तथापि तींत एक गोष्ट खऱ्या व्यवहारास धरून आहे. वतन हें केवळ उत्पन्न नव्हे. तें कुळाचें नांव, मान, शिक्का, पानसुपारीचा अग्रक्रम, होळीच्या पोळीचा हक्क, सर्व कांहीं होतें. वतन असलेल्या घरांतील कर्ता पुरुष मारला तरी वतन नाहींसें होत नसे; वंशांतला एक अंकुर राहिला तरी तो पुढें दावा सांगे. म्हणून वतनाच्या वैरांत पुरुषमात्र कापून काढण्याची क्रूर रीति पडली, आणि म्हणूनच अशा कथांत गर्भवती किंवा तान्हें मूल घेऊन पळालेली स्त्री पुनः पुनः येते. मावळांतील देशमुखांचे करीने ज्यांनीं वाचले आहेत त्यांस याचीं उदाहरणें आठवतील.

अमेरिकेंतील त्या वैरांतही डुक्कर हें निमित्तच होतें. ॲन्स हॅटफील्डनें त्यापूर्वींच मॅकॉयांच्या एका आप्ताकडून फिर्यादींत सुमारें पांच हजार एकर जंगल मिळविलें होतें, आणि त्या लांकडाचा धंदा त्यास चांगला फळला होता. डुकराची चौकशी झाली ती सहा हॅटफील्ड व सहा मॅकॉय अशा बारा पंचांपुढें. हें वाचून मला हंसूं आलें. कारण गोत बसवून उभयपक्षांच्या भाऊबंदांकडूनच निवाडा घेण्याची आपली जुनी रीति याहून फारशी निराळी नव्हती. आपल्याकडे महजर होई, गोत साक्षी राही, प्रसंगीं दिव्य करविलें जाई. परंतु गोताचा अधिकार पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या वतनापुरता. दरबारच्या दोन सरदारांनीं भर दरवाज्यांत तरवारी उपसल्या तर त्यांस गोतांत कोण बसविणार?

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं.

जाधव व भोसले यांचा संबंध लखुजींची कन्या जिजाबाई व मालोजीराजांचे पुत्र शहाजी यांच्या विवाहानें जडला. या विवाहाविषयीं उत्तरकालीन बखरींतील कथा सर्वांस पाठ आहे: रंगपंचमीचा दिवस, दोन मुलांनीं एकमेकांवर उधळलेला गुलाल, लखुजींच्या तोंडून थट्टेनें निघालेला उद्गार, मालोजींनीं तो धरून ठेवणें, मग रुसवाफुगवा आणि शेवटीं निजामशहाची मध्यस्थी. ग्रँट डफनें १८२६ त ती आपल्या इतिहासांत घातली व तेथून ती शाळेच्या पुस्तकांत आली. पण शिवछत्रपतींच्या आज्ञेनें कवींद्र परमानंदानें रचिलेल्या शिवभारतांत या कथेचा मागमूस नाहीं. त्यांत यादवराज शहाजींचे गुण पाहून आपण होऊन कन्या देतात. शिवभारताची प्रत तंजावरच्या सरस्वती महालांतून उजेडांत आली, आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ त मराठी भाषांतरासह ती छापून काढली. ग्रंथ बत्तिसाव्या अध्यायांत तुटला आहे. परंतु आरंभींचे अध्याय अखंड आहेत, आणि या वैराचें जुन्यांत जुनें सविस्तर वर्णन तेथेंच मिळतें.

तें वर्णन असें. दौलताबादेस निजामशहाचा दरबार बरखास्त झाला. सरदार आपापल्या परिवारासह बाहेर पडत असतां दरवाज्याशीं गर्दी झाली, आणि खंडागळे नांवाच्या सरदाराचा हत्ती बिथरून माणसें तुडवूं लागला. लखुजींचा पुत्र दत्ताजी त्या हत्तीवर चालून गेला. विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी व खेळोजी, ज्यास कवि ‘खेलकर्ण’ असें संस्कृत रूप देतो, हे खंडागळ्याच्या साह्यास आले. हत्ती बाजूस राहिला आणि दत्ताजी व संभाजी यांचें द्वंद्व जुंपलें. त्यांत दत्ताजी पडला. लखुजी पुढें निघून गेले होते. पुत्र पडल्याचें वर्तमान वाटेंत कळतांच ते माघारे फिरले. चुलतभावाच्या रक्षणार्थ शहाजी मध्यें आले. सासऱ्याच्या घावानें जांवयाचा हात जखमी झाला व त्यांस मूर्च्छा आली. मग लखुजींनीं संभाजीस गांठून ठार केलें. शेवटीं निजामशहानें मध्यें पडून दोन्ही पक्ष आवरले.

कोणाचा पहिला अपराध? कवि या ठिकाणीं फार सावध आहे. ज्याच्या आज्ञेनें तो लिहीत होता त्याचें पितृकुल भोसले आणि मातृकुल जाधव. एकास दोष दिला तर दुसऱ्यास लागावयाचा. म्हणून त्यानें दोष हत्तीवर टाकला आणि दोन्ही बाजूंचें शौर्य वर्णिलें. संस्कृत वीरकाव्याची रीति त्यास येथें उपयोगी पडली. दत्ताजी धांवला तो माणसें वांचविण्यासाठीं, संभाजी धांवला तो मित्रासाठीं, शहाजी भावासाठीं, लखुजी पुत्रासाठीं. प्रत्येकाच्या कृत्यास एकेक योग्य कारण आहे, आणि सर्व मिळून अनर्थ. कवीचें हें मौन मला त्याच्या श्लोकांहून अधिक बोलकें वाटतें. जिजाबाईंच्या मनाची अवस्था त्यानें वर्णिली नाहीं. भाऊ मारला पतीच्या चुलतभावानें. त्या दिरास मारिलें पित्यानें. आणि पतीस घायाळ केलें तेंही पित्यानेंच.

या प्रसंगानंतर यादवराज निजामशहास सोडून ‘ताम्रां’कडे गेले, असें शिवभारत सांगतें. ताम्र म्हणजे मोगल. त्यांच्या तांबूस वर्णावरून कवीनें हें नांव योजिलें आहे. आणि तेथून पुढें वैर चालू राहिलें, अशी सामान्य समजूत. १६२४ त अहमदनगरजवळ भातवडी येथें मलिक अंबरानें मोगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा मोड केला, त्या लढाईंत शहाजी अंबराच्या बाजूस होते व लखुजी मोगलांकडे. शहाजींचे सख्खे बंधु शरीफजी तेथें पडले. परंतु तेवढ्यावरून सासरा-जांवयाचें वैर लढाईस कारण झालें असें म्हणणें म्हणजे शेपटानें हत्ती ओढण्यासारखें आहे. दोघे आपापल्या धन्याच्या फौजेंत होते. आणि लखुजींचें मोगलांकडे जाणें केवळ हत्तीच्या रागानें घडलें, हेंही मला मान्य होत नाहीं. वऱ्हाडच्या सरहद्दीवर ज्याचें वतन, त्यास उत्तरेकडील वारा कसा वाहतो हें पाहूनच शीड फिरवावें लागे. फारसी तवारीख सांगते कीं लखुजी, त्यांचे पुत्र, नातू व आप्त मिळून सर्वांच्या मनसबा चोवीस हजार जात व पंधरा हजार स्वार इतक्या होत्या. एका मराठा कुळास मोगल दरबारानें एवढें दिलें तें कोणाच्या गृहकलहावर दया येऊन नव्हे. सरहद्दीची किल्ली त्या कुळाच्या हातीं होती म्हणून.

तरी लखुजी मोगलांकडे कायम राहिले नाहींत. ते परत निजामशहाकडे आले, आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. हा अंत दोन स्वतंत्र साधनांत नोंदला गेला आहे. एक मराठी, जेधे शकावली. दुसरें फारसी, अब्दुल हमीद लाहोरी याचा पादशाहनामा. शकावलीच्या नोंदीप्रमाणें शके १५५१ श्रावण शुद्ध पौर्णिमेस, म्हणजे २५ जुलै १६२९ रोजीं, देवगिरीस निजामशहानें त्यांस मारिलें. पादशाहनामा तपशील देतो: निजामशहास त्यांच्या निष्ठेचा संशय होता, त्यानें कैद करण्याचा बेत करून त्यांस दरबारीं बोलाविलें, दबा धरून बसलेले लोक पुढें आले, जाधवांनीं तरवारी उपसल्या, आणि झटापटींत लखुजी, दोन पुत्र व एक नातू असे चौघे पडले.

या चौघांच्या नांवांसंबंधानें हस्तलिखितांच्या अभ्यासकांस रुचेल अशी एक गोष्ट सांगतों. मराठी परंपरेंत पुत्र अचलोजी व राघोजी, आणि नातू यशवंतराव. हा दत्ताजीचा मुलगा. पादशाहनाम्याच्या इंग्रजी भाषांतरांत हीच नांवें ‘उजला’, ‘रघु’ आणि ‘बसवंत’ अशीं छापलीं आहेत. प्रथम पाहतां हीं माणसें निराळीं वाटतात. परंतु फारसी लिपींत ‘च’ आणि ‘ज’ यांत भेद केवळ नुक्त्यांचा: एकाखालीं तीन, दुसऱ्याखालीं एक. तसेंच शब्दारंभीं ‘य’खालीं दोन नुक्ते व ‘ब’खालीं एक. लेखकानें घाईनें नुक्ते टाकले, वा नकलकारानें गाळले, कीं ‘अचला’चा ‘अजला’, त्याचाच ‘उजला’, आणि ‘यसवंत’चा ‘बसवंत’ सहज होतो. खुद्द लखुजी तेथें ‘जादूराय’ आहेत. म्हणजे दोन्ही साधनें एकमेकांस ठाऊक नसतां त्याच चौघांचीं नांवें देतात, आणि याहून भक्कम साक्ष इतिहासांत क्वचितच मिळते.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं लेखणी हातीं घेतली ती. उत्तरकालीन बखरींत एक हृदयद्रावक प्रसंग आहे. शहाजी माहुलीहून निसटून पळत आहेत, लखुजी मोगली फौजेसह त्यांच्या पाठीवर आहेत; जिजाबाई सात महिन्यांच्या गरोदर, त्यांस घोड्याची दौड सोसवेना; शहाजी त्यांस वाटेंत मागें ठेवून पुढें जातात; मागून पिता येतो; कन्या त्यास खडे बोल सुनावते; पिता विरघळतो, पण ती माहेरीं जावयाचें नाकारून शिवनेरीवर राहते, आणि तेथें शिवजन्म होतो. हा प्रसंग सांगतांना माझा स्वतःचा कंठ दाटून येत असे, आणि वर्गांत सुई पडली तर ऐकूं यावी अशी शांतता होई.

पण पंचांग काढून पाहा. शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेस, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं झाला. जेधे शकावली हेंच सांगते व शिवभारतही हेंच सांगतें. लोकमान्य टिळकांनीं जेध्यांच्या घरची ही शकावली १९१६ त प्रसिद्ध केली, आणि महाराष्ट्र शासनानें २००१ त हीच तिथि मान्य केली. श्रावणी पौर्णिमेपासून फाल्गुन वद्य तृतीयेपर्यंत सात महिने तीन दिवस होतात. म्हणजे लखुजी दौलताबादेस मारले गेले तेव्हां जिजाबाईंस दुसरा किंवा फार तर तिसरा महिना असावा. सातवा महिना लागला तेव्हां पिता जाऊन सुमारें चार महिने उलटले होते. मेलेला मनुष्य घोड्यावर बसून कन्येचा पाठलाग करीत नाहीं.

मग ही कथा निघाली कशी? माझें उत्तर असें कीं, ती चुकीच्या जन्मतिथीच्या पोटीं जन्मली. बखरकार शिवजन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे १६२७ त, धरीत असत. त्या वर्षीं लखुजी हयात होते आणि मोगलांच्या पक्षास होते. सासरा-जांवई दोन पक्षांत, मुलगी गरोदर, एवढीं तिन्ही बाहुलीं हातीं आल्यावर त्यांचा खेळ मांडण्यास वेळ लागत नाहीं. तिथि बदलली, तेव्हां तिच्यावर उभारलेला हा प्रसंगही पडावयास हवा होता. तिथि आम्हीं सुधारून घेतली. कथा मात्र जशीच्या तशी ठेविली. जिजाबाईंच्या एखाद्या पूर्वीच्या बाळंतपणाशीं या कथेचा संबंध असावा असा तर्क कोणी केल्यास मी त्यास अडविणार नाहीं. परंतु शिवनेरीशीं व शिवजन्माशीं तिचा धागा जुळत नाहीं.

पाठलागाच्या जागीं प्रत्यक्ष काय घडलें तें पाहिलें म्हणजे लखुजींची मूर्ति बरीच बदलते. त्यांच्या वधाचें वर्तमान कळतांच त्यांचे बंधु जगदेवराव, पुत्र बहादुरजी आणि पत्नी सिंदखेडास पळून आले व बादशहाकडे गेले. शहाजींनींही निजामशहाची चाकरी सोडली आणि १६३० त ते मोगलांस मिळाले. तेथें ते फार दिवस राहिले नाहींत, व त्यांच्या जाण्यास दुसरींही कारणें होतीं. तरी सासरा मारला गेल्यावर त्याच्या मारेकऱ्याची चाकरी जांवयानें टाकावी, ही गोष्ट वैराची नव्हे, आप्तपणाची आहे. खंडागळ्याच्या हत्तीनें जें तोडलें तें निजामशहाच्या दग्यानें पुनः जोडलें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. हॅटफील्ड-मॅकॉयांचें वैर न्यायासनानें मिटविलें; तेथें १८९० त एकास फांशी झाली व मग शस्त्रें खालीं आलीं. येथें धन्यानेंच एका पक्षाचा संहार केला, आणि त्यापायीं दोन्ही पक्ष धन्यास सोडून गेले. पुढें सातच वर्षांनीं, १६३६ त, निजामशाही नामशेष झाली.

जाधव कुळ मात्र त्यानंतर दुभंगलें. एक शाखा मोगलांच्या, पुढें निजामाच्या चाकरींत राहिली. १७५७ त रामचंद्र जाधव निजामाकडून सिंदखेडास असतां मराठ्यांनीं त्यास वेढिलें. त्याच कुळांतले धनाजी जाधव छत्रपति राजारामांचे व पुढें शाहूंचे सेनापति होऊन १७०८ त वारले. देऊळगांव राजा, किनगांव राजा, आडगांव राजा, मेहुणा राजा या गांवांच्या नांवांमागें लागलेलें ‘राजा’ हें पद जाधवांच्या शाखांची खूण आहे.

सिंदखेडास लखुजींची छत्री आहे. चौरस, भव्य, वर घुमट. दौलताबादेस पडलेल्या चौघांच्या समाध्या तिच्या आंत आहेत. मी प्रथम गेलों तेव्हां तरुण होतों व वाड्याचा दरवाजा पाहण्यांतच वेळ गेला. छत्रीकडे धड पाहिलें नाहीं. दुसऱ्यांदा गेलों तो निवृत्त झाल्यावर. मोती तलावाच्या बांधावरून हिंडून आल्यावर सायंकाळीं छत्रीच्या पायरीवर बसलों असतां लक्षांत आलें कीं, जो पुरुष धन्याचा द्रोही म्हणून मारला गेला त्याची एवढी थोर समाधि त्याच्या मुलांमाणसांनीं वतनाच्या गांवीं उभी केली, आणि नंतरच्या कोणत्याही राज्यकर्त्यानें ती पाडली नाहीं. त्या ‘सैतान ॲन्स’च्या थडग्यावरही मुलांनीं इटलीच्या संगमरवराचा पुरुषभर उंचीचा पुतळा बसविला आहे. वैर करणाऱ्यांचीं घराणीं आपल्या वडिलांच्या दगडावर खर्च करण्यास मागेंपुढें पाहत नाहींत, असें दिसतें. इ. स. २०२४ मध्यें केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडून या छत्रीच्या जतनाचें काम चालू असतां शेजारीं जमिनीखालीं एका प्राचीन मंदिराचे अवशेष लागले, आणि त्यांत १.७० मीटर लांब व एक मीटर उंच अशी शेषशायी विष्णूची मूर्ति सांपडली. तिच्यावर समुद्रमंथनाचाही देखावा कोरलेला आहे. लखुजींच्या फार पूर्वीं हें स्थान नांदतें होतें, याची ती साक्ष.

दगडांची काळजी घेणारें खातें आहे. कागदांची काळजी तुम्हां-आम्हांवर आहे. निवृत्तीनंतर जाधवांसंबंधींच्या कागदांचा शोध घेत मी घाटावरच्या एका गांवीं गेलों होतों. तेथील एका जुन्या वाड्यांत दोन रुमाल मोडी कागद असल्याचें मीं ऐकिलें होतें. घरच्या गृहस्थांनीं चहापान अगत्यानें केलें, आणि मग सांगितलें, “गुरुजी, तुम्ही मागच्या दिवाळीच्या आधीं यावयास हवें होतें.” वाड्याची दुरुस्ती काढतांना रुमाल रद्दीवाल्यास वजनावर गेले होते. त्यांतील शिक्के तेवढे कोणा संग्राहकानें आधींच कातरून नेले होते. उरलेल्या कागदांस त्यामुळें किंमतच राहिली नाहीं, असें ते म्हणाले. मी रद्दीवाल्यापर्यंत गेलों. व्यर्थ. त्या कागदांत लखुजींचें नांव होतें कीं नव्हतें हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. ज्यांनीं शिक्के नेले ते बहुधा हें त्रैमासिक वाचतात; म्हणून अधिक लिहीत नाहीं.

परंतु ज्यांच्याजवळ सिंदखेड, मेहकर, जालना या बाजूचे रुमाल असतील त्यांस एक विशेष विनंति आहे. पादशाहनामा लखुजींच्या पत्नीचें नांव ‘गिरजाई’ असें देतो, आणि तीच त्यांच्या कारभाराची व्यवस्था पाहत असे असेंही सांगतो. वधानंतर कुटुंबास घेऊन सिंदखेडास पोंचणाऱ्यांत ती आहे. मराठींत जिजाबाईंच्या मातेचें नांव म्हाळसाबाई म्हणून प्रसिद्ध आहे. एकाच स्त्रीचीं हीं दोन नांवें, माहेरचें व सासरचें, कीं या दोन निराळ्या स्त्रिया, याचा निर्णय एखादें कौलपत्र, एखादा इनामाचा कागद, किंवा देवस्थानास दिलेल्या दिवाबत्तीची सनद करूं शकेल. परगण्याचा कारभार जी पाहत होती तिच्या नांवचा कागद निघणें असंभवनीय नाहीं. शके १५५१ च्या आगेमागे दहा वर्षांचे कागद प्रथम पाहावे. अक्षर जुन्या वळणाचें व किंचित् उभट असल्यास विशेष काळजीनें पाहावें. शिक्का असो वा नसो, संपूर्ण कागदाचें छायाचित्र मंडळाकडे धाडावें. रुमाल सोडतांना कागदांचा क्रम मोडूं नये, आणि वरच्या फडक्यावर शाईनें कांहीं लिहिलें असेल तर तेंही उतरून घ्यावें.